घरच्या शेडवर दिवसभर गाड्यांची कामं आणि संध्याकाळी पोपटी, नियोजन कसं करू?

रोहा_रोडकिंग

नमस्कार मंडळी. नागोठण्याहून रोह्याकडे जाताना रस्त्याला लागूनच आमचं गावचं घर आहे, मागे वडिलांच्या वेळची पत्र्याची मोठी शेड आहे आणि तिथे मी हळूहळू सगळं जमवलंय, कॉम्प्रेसर, बेंच वाईस, वेल्डिंगचं छोटं मशीन, पान्यांचे दोन सेट, इंजिनचं मॅग्नेट ओढून काढायचा पुलर वगैरे. आमच्या जुन्या दोनचाकीवाल्यांच्या ग्रुपमध्ये पेण, अलिबाग, पनवेल, ठाणे आणि थोडे पुण्याचे असे लोक आहेत, बहुतेकांकडे येझदी नाहीतर जावा, तीनचार आरएक्स हंड्रेड, एक कास्ट आयर्नची बुलेट आणि एक चेतक स्कूटर. जुलैत दुसऱ्या रविवारी जावा डेला सगळे भेटतो पण ते राइड करून फोटो काढून परत, गाडीला हात कोणी लावत नाही. तर या वेळी संक्रांतीनंतरच्या एखाद्या रविवारी सगळ्यांनी माझ्याकडे यायचं, सकाळपासून गाड्यांची कामं करायची, ज्याला येत नाही त्याने शिकायचं, आणि संध्याकाळी शेडच्या खालच्या खाचरात पोपटी (पाला घातलेल्या मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, चिकन भरून भोवती जाळ करून शिजवतात ती) लावायची असं डोक्यात आहे. वाल तोवर मस्त भरलेले असतील आणि बांधाला भांबुर्डीचा पाला पण भरपूर आहे.

आता अडचणी सांगतो. साधारण पंधरा गाड्या आणि घरचे धरून पंचवीस-तीस माणसं होतील असा अंदाज आहे. एवढ्यांची कामं एका दिवसात होतील का आणि कुठली कामं घ्यायची? दुसरं म्हणजे एकीकडे पेट्रोल आणि दुसरीकडे जाळ, हे किती लांब ठेवावं? तिसरं, आमच्या भागातले एक जुने मिस्त्री काका आहेत, सत्तरीच्या पुढचे, येझदी नुसती आवाजावरून ओळखतात काय बिघडलंय ते, त्यांना बोलवायचंय. ते हो म्हणाले आहेत. पण ग्रुपमधले काही जण म्हणतात त्यांना शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू, मला ते पुरेसं वाटत नाहीये पण नक्की काय करावं सुचत नाही. आणि काँट्री (वर्गणी) किती काढावी ते पण सांगा. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

---

पेठेतला_पाना

मित्रा आयडिया एक नंबर आहे. पुण्यात आम्ही दोनतीनदा असं केलंय, एका मित्राच्या बंगल्याच्या पार्किंगमध्ये. पहिला नियम लिहून घे, इंजिन खोलायचं नाही. कोणी कितीही म्हणाला की नुसतं हेड काढून पिस्टन बघू, तरी नाही. हेड काढलं की गॅस्केट खराब निघते, मग बोअरला ओरखडा दिसतो, मग रीबोअर, आणि संध्याकाळी ती गाडी तुझ्या शेडमध्ये पोत्यात बसते आणि पुढचे चार महिने तिथेच राहते. त्या माणसाला परत टेम्पो करून यावं लागतं. खूप वाईट वाटतं त्याला आणि यजमानालाही.

त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासात संपणारी कामंच घे. पॉइंट (प्लगची ठिणगी पाडणारे संपर्क) साफ करून त्यांची गॅप लावणे, प्लग, कार्बोरेटर उघडून जेट साफ करणे, क्लच-ॲक्सिलेटरच्या केबल, चेनला तेल आणि टाईट करणे, हबला ग्रीस, ब्रेक लायनर, वायरिंगचे कुजलेले जोड. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि आपल्या गाड्या पावसाळाभर उभ्या असतात, त्यामुळे टाकीच्या तळाला पाणी, कॉकमध्ये गंज आणि जुन्या रबरी पाइपला तडे हे जवळजवळ प्रत्येकाकडे सापडणार बघ. फ्युएल पाइप मीटरवर आणून ठेव, नवीन, इथेनॉलला टिकणारा घे.

प्रत्येकाकडून आठवडाभर आधी गाडी कुठली, तक्रार काय आणि स्वतः कुठला पार्ट आणणार हे लिहून मागव. एका गाडीला एकच काम. पार्ट आणले नाहीत तर ते काम यादीतून बाद. आमच्याकडे नाना पेठेत बहुतेक मिळतं, तुमच्या मुंबईवाल्यांना ऑपेरा हाऊसला बघता येईल, पण शनिवारी रात्री शोधायला निघालात तर काही मिळणार नाही. येझदीचे पॉइंट, कंडेन्सर, क्लच केबल, चेन लॉक, हे दोन-दोन सेट ग्रुपच्या खर्चातून ठेवच, हमखास लागतात.

आणि एक अगदी छोटी गोष्ट पण दिवस वाचवते, जुनं इडलीपात्र असेल तर आण. कार्बोरेटर उघडलं की एका खळग्यात फ्लोटची पिन, दुसऱ्यात मेन जेट, तिसऱ्यात स्लो जेट, शेजारी स्क्रू, ज्या क्रमाने निघालं त्या क्रमाने ठेवायचं आणि उलट्या क्रमाने बसवायचं. पत्र्याच्या शेडमध्ये जमिनीवर पडलेली नीडलची क्लिप पुन्हा सापडत नाही. पॉइंटची गॅप 0.4 मिमीला लावायची, ती फिलर गेज (जाडी मोजायची पट्टी) घालून, पोस्टकार्डाच्या जाडीने नाही. सगळ्यांत मिळून एकच गेज असतं आणि तेच फिरत राहतं, तू तीनचार ठेव, स्वस्त येतात.

दुपारी चारनंतर नवीन गाडी स्टँडवर घ्यायची नाही. मग फक्त जोडाजोडी आणि चाचणी.

---

खारेपाटातला

पोपटीबद्दल मी लिहितो कारण आमच्याकडे दर वर्षी लागते आणि त्यातच हयात गेली.

आधी जागेचं. तू लिहिलंस शेडच्या खालच्या खाचरात, तिथेच मला खटकलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीनचार पट जड असते, ती वर उडून जात नाही, जमिनीवरून सरपटत उताराच्या बाजूला जाते. शेड वर जोत्यावर आणि जाळ खाली खाचरात म्हणजे तू वाफेला रस्ताच करून दिलास. जाळ पेट्रोलपर्यंत पोचत नाही रे, वाफ जाळापर्यंत येते आणि मग आग तिच्यावरून मागे शेडमध्ये शिरते. त्यामुळे पोपटी शेडच्या बाजूच्या किंवा वरच्या अंगाच्या खाचरात लाव, निदान पन्नास-साठ पावलं लांब, आणि मध्ये एखादा बांध असेल तर उत्तम.

वाऱ्याचं पण बघ. आपल्याकडे जानेवारीत दुपारभर समुद्राकडून खारा वारा असतो, सूर्य कलला की तो पडतो आणि रात्री डोंगराकडून मतलई सुरू होतो. पोपटी नेमकी दिवेलागणीला लागते म्हणजे वारा फिरायच्या वेळेला. दुपारी दिशा बघून जागा ठरवलीस तर दोन तासांनी ठिणग्या उलट्या बाजूला जातील. दोन्ही दिशांना सुकं गवत, पेंढ्याची उडवी, कोणाचा आंबा-काजू काही नको. आजूबाजूचं गवत आधी कापून घे, पाण्याचा ड्रम भरून ठेव आणि शेजारच्या शेतवाल्यांना आदल्या दिवशी जाऊन सांग. शेंगा तू त्यांच्याकडूनच विकत घेतल्यास तर ते स्वतः येऊन पोपटी लावून देतील.

शेडमध्ये पेट्रोलची सगळी कामं सकाळीच उरकायची. कार्बोरेटर धुतलेलं पेट्रोल उघड्या भांड्यात संध्याकाळपर्यंत राहता कामा नये, झाकणाच्या डब्यात भरून लांब ठेव. तेलाने भिजलेल्या चिंध्या पण. आग विझवायचे पावडरवाले एबीसीचे दोन सिलेंडर ठेव, एक शेडच्या दाराशी, एक पोपटीजवळ, काटा हिरव्यात आहे ना बघ, आणि वाळूच्या बादल्या. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारायचं नाही हे सकाळीच सगळ्यांना मोठ्याने सांग, कारण घाईत माणूस बादलीच उचलतो.

आता मडक्याचं. माणशी अर्धा किलो शेंगा धर, सालीचंच वजन जास्त असतं. तीस माणसांना एकच मोठं मडकं नको, मधलं कच्चं राहतं. मध्यम आकाराची चार-पाच घे आणि त्यातली दोन शाकाहारी, त्यांना गळ्याला चुन्याची रेघ मार म्हणजे काळोखात गोंधळ नाही. तुझ्यासोबत बायकामाणसं, म्हातारी माणसं असणार, कोणाचा कसला वार असेल, कोणी अंडं पण खात नसेल. तळाला भांबुर्डीच्या पाल्याचा जाड थर, मग शेंगा धुवून निथळलेल्या, जाडं मीठ आणि ओवा, मग बटाटे, रताळी, मधोमध अंडी. चिकन आलं-लसूण-मिरची-कोथिंबीर वाटून लिंबू-हळद लावून सकाळपासून ठेव, तुकडे लहान कर आणि केळीच्या पानात पुड्या बांधून शेंगांच्या मध्ये. वरून परत पाला, इतका गच्च दाबून की मडकं उपडं केलं तरी एक शेंग खाली येता कामा नये. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलाव्यावरच शिजतं आणि तो जो ओव्यासारखा उग्र वास लागतो तो पाल्याचा. शहरातल्या पोरांना पाला तोडायला पाठवू नकोस, भलताच कसला तरी घेऊन येतील, माहितगार माणूस सोबत दे.

मडकं उपडं ठेवून भोवती गोवऱ्या, काटक्या, पेंढा. अर्धा ते पाऊण तास. मग मडक्याच्या बुडावर पाणी शिंपडायचं, चर्र होऊन क्षणात उडालं की झाली. ओल्या गोणपाटाने धरून बाहेर काढायचं. आणि निखाऱ्यांवर पाणी ओतून काठीने उलथून बघितल्याशिवाय कोणी जागचं हलायचं नाही.

---

रोहा_रोडकिंग

बापरे, खारेपाटातला दादा, उताराचं माझ्या डोक्यातच नव्हतं आलेलं, पोपटी आता वरच्या अंगाला चिंचेपासून लांब मोकळं खाचर आहे तिथे लावतो. पेठेतला पाना, यादीचा फॉर्म आजच टाकतो ग्रुपवर.

एक विचारायचं होतं, ग्रुपमधल्या एकाने सुचवलंय की जाळ होणारच आहे तर टू स्ट्रोकवाल्यांनी सायलेन्सरमधल्या जाळ्या त्याच आगीत टाकाव्यात, कार्बन जळून मोकळ्या होतील. गॅरेजवाले तसंच जाळतात म्हणून.

---

दोनस्ट्रोक_ठाणे

नाही नाही नाही. जाळतात हे खरं आहे पण तो काळा थर म्हणजे अर्धवट जळलेलं तेल आहे, आणि ज्या गोवऱ्यांच्या धगीवर तुम्ही जेवण शिजवताय त्यात ते? तो धूर पाल्यातून आत जाणार आणि भोवती पोरं बसलेली असणार. वेगळा जाळ केलात तरी घराजवळ नको.

सोडा वापरा. प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी, मग त्यात थोडाथोडा कॉस्टिक सोडा सोडायचा, उलट कधीच नाही, कारण एकदम तापतं आणि अंगावर उडतं. रबरी हातमोजे, डोळ्याला चष्मा, आणि बादली मोकळ्या हवेत. जाळ्या रात्रभर बुडवून सकाळी ब्रशने घासल्या की लोखंड दिसतं. फक्त लोखंडी जाळीच बुडवायची, अल्युमिनियमचं काहीही नको, सोडा ते खातो आणि हायड्रोजन सुटतो. म्हणजे हे काम प्रत्येकाने आपापल्या घरी आदल्या रात्री करून यायचं, त्या दिवशी फक्त बसवायच्या. पोरं असणार त्या जागी सोड्याची बादली ठेवूच नका.

बाकी दोन गोष्टी. ब्रेकचा ड्रम उघडला की कॉम्प्रेसरने फुंकर मारायची सगळ्यांना सवय असते. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ छातीत गेली की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. आणि गाडी चालू करून चेनला तेल सोडायचं नाही, चाक हाताने फिरवा. चेन आणि सॉकेटमध्ये (दातेरी चाकात) फडकं ओढलं गेलं की बोट सोबत जातं, गॅरेजमध्ये कामं केलेल्यांत असे हात बघितलेत मी. चाचणीला सायलेन्सर शेडच्या बाहेर तोंड करून, आत पाच गाड्या एकदम चालू केल्या तर पत्र्याखाली धूर कोंडतो आणि डोकं दुखायला लागेपर्यंत कळत पण नाही.

येझदीवाल्यांना पेट्रोलमध्ये घालायच्या तेलाचं पण सांगा, लीटर पेट्रोलला 40 मिली, मोजून. अंदाजे बाटलीचं झाकण ओतणारे अजून आहेत.

---

मिस्त्रीची_लेक

मी या ग्रुपमध्ये फक्त वाचत असते, पण मिस्त्री काकांचं वाचलं आणि लिहावंसं वाटलं.

माझे वडील आयुष्यभर दोनचाकी मिस्त्री होते. साताऱ्याकडे आमचं छोटं गॅरेज होतं, येझदी बनवणाऱ्या आयडियल जावाची मैसूरची फॅक्टरी 1996 ला बंद पडली त्यानंतर पण त्यांच्याकडे लांबलांबून येझदी यायच्या, कारण पार्ट मिळत नव्हते आणि ते जुन्या पार्टमधून चालणारं काहीतरी उभं करायचे. मॅग्नेटच्या प्लेटवर खूण नसेल तर पिस्टन वर आणून, पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून, कागद सुटतो तो क्षण पकडून ठिणगीचं टायमिंग लावायचे. हे मी शाळेतून आल्यावर शेजारी बसून बघितलंय, कागद धरायला मलाच द्यायचे. नंतर गुडघे गेले आणि गॅरेज बंद केलं. मग असेच हौशी लोक त्यांना बोलवायचे, गाडीत घालून न्यायचे, दिवसभर काका जरा हे बघा, काका जरा ते बघा, सगळ्या गाड्या चालू व्हायच्या, आणि संध्याकाळी नारळ आणि शाल. आमच्याकडे शाली खूप झाल्या. त्या काळात त्यांच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च आम्ही कसा भागवायचो ते आम्हालाच माहीत. त्यांनी कधी तोंडाने मागितलं नाही, तो त्यांचा स्वभाव, पण मागितलं नाही म्हणजे नको होतं असं नाही ना.

तर दादा, काकांना मजुरी द्या. आधी ठरवून द्या, पाकिटात घालून, सकाळी आल्याआल्या, म्हणजे संध्याकाळच्या गडबडीत राहायला नको. आज शहरातला चांगला मिस्त्री दिवसाचे जेवढे घेईल त्यापेक्षा जास्त, कारण तुम्ही त्यांच्याकडून काम नाही विद्या घेताय. ती रक्कम काँट्रीतच धरा आणि काँट्री सांगताना सगळ्यांना स्पष्ट सांगा की यात काकांची फी आहे. ज्याला ते जड वाटेल त्याने शेंगा कमी खाव्यात.

दुसरं, त्यांना हातात पाना देऊ नका. पाठीला टेकू असलेली खुर्ची, सावलीत, जिथे सगळ्या गाड्या दिसतील अशी. हात तुमचे आणि नजर त्यांची. ते सांगतील आणि तुम्ही कराल, नाहीतर पंधरा गाड्या एक माणूस करेल आणि बाकीचे मोबाईलवर शूटिंग करतील. शूटिंग करायचंच असेल तर त्यांना विचारून, आणि ते काय बोलतात ते नीट ऐकू येईल असं करा, टायमिंग, क्लच, गिअरचा तो एकच लिव्हर किकला पण वापरतात त्याचं आतलं काम, हे सगळं त्यांच्या शब्दांत रेकॉर्ड झालं तर पुढच्या पोरांना उपयोग होईल. पण तास-दीड तासाने त्यांना उठवून आत नेऊन पडू द्या. दुपारचं जेवण वेळेवर, पोपटीची वाट बघायला लावू नका, पथ्य विचारून घ्या. आणि घरी सोडायला गाडी कोणाची ते आधीच ठरवा.

---

पेठेतला_पाना

ताई, बरोबर. आमच्या पुढच्या वेळेला आम्ही पण हेच करणार. सिगारेटच्या कागदाची ट्रिक माहीत होती पण अशी कोणी सांगितली नव्हती.

---

चेतक_पनवेल

ती एक चेतक म्हणजे माझीच, वडिलांची होती. गिअरच्या दोन्ही केबल बदलायच्यात, जुन्या केबलच्या टोकाला नवी बांधून हँडलमधून ओढायची हे वाचलंय पण एकटीने धीर होत नाही, तिथे कोणी शेजारी उभं राहिलं तरी करेन. रोहा दादा, बायकांसाठी एवढंच विचारते, टॉयलेट घरातलं वापरता येईल का आणि हात धुवायला काय? आणि माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिला आणू का?

---

रोहा_रोडकिंग

नक्की या. टॉयलेट घरातलंच, आई आणि बायको दोघी घरी आहेत. ग्रीसच्या हातांना साखर आणि खोबरेल तेल चोळून मग साबण, रॉकेल ठेवणार नाहीये, कातडी सोलते. पोपटी हातानेच सोलून खायची त्यामुळे पाच वाजता सगळ्यांनी हात धुवून नखं घासूनच पोपटीकडे यायचं असं ठरवलंय. लहान मुलांना शेडमध्ये नाही, पण ओटीवर एक बंद पडलेलं कार्बोरेटर, स्क्रू ड्रायव्हर आणि इडलीपात्र ठेवतो, खोला आणि परत बसवा, पेट्रोल नसलेलं. तुमच्या मुलीला तिथे बसवू.

बाकी असं फायनल केलंय. बारा गाड्याच घेतो, बाकीचे बघायला आणि मदतीला. सकाळी आठला चहा-पोहे, नऊला सुरुवात, साडेबारापर्यंत पेट्रोलची कामं, दुपारी आईच्या हातचं तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं, चारनंतर फक्त जोडणी. चाचणी गावच्या आतल्या रस्त्याला, हेल्मेट घालून, आणि ज्याचा इन्शुरन्स संपलाय त्याची गाडी कंपाऊंडच्या बाहेर नाही, पंधरा वर्षांचं पासिंग संपलेल्यांची पण नाही. जळकं तेल ड्रममध्ये जमा करणार, आमच्याकडे लोक वाळवीसाठी खांबांना लावायला मागतात पण विहीर जवळ आहे म्हणून देणार नाही, पेणच्या सर्व्हिस सेंटरवाल्याशी बोललोय, तो त्याच्या तेल उचलणाऱ्याला देईल. दारू नाही, रात्री सगळ्यांना गाडी चालवत घाट नाहीतर हायवे आहे.

काकांकडे काल संध्याकाळी जाऊन आलो. पैशांचं सरळ बोललो, आधी नको नको म्हणाले, मग मी सांगितलं की सगळ्यांच्या काँट्रीतून आहे आणि शिकवणीची फी आहे, तेव्हा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले ठीक आहे, पण मग मी सांगेन तसंच करायचं, मध्ये कोणी यूट्यूब दाखवायचं नाही. त्यांच्याकडे मॅग्नेटचा त्यांनी स्वतः लेथवर बनवून घेतलेला पुलर आहे, तो घेऊन येतायत. काँट्री माणशी सातशे, त्यात काकांची फी, शेंगा, चिकन आणि कॉमन पार्ट सगळं आलं, मुलांचे नाहीत. फॉर्म भरायची शेवटची तारीख पुढचा शनिवार, ज्याने पार्टची यादी लिहिली नाही त्याची गाडी धरणार नाही.

आरएक्सवाल्यांनो, तुमच्यापैकी अजून एकाचाच फॉर्म आलाय.